नकाशावर चार नद्या, प्रत्यक्षात एक

एखाद्या प्राण्याचा प्रसार दाखवणारा नकाशा पाहताना, रंगवलेल्या साऱ्या प्रदेशात तो आजही आढळतो, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात असा नकाशा निरनिराळ्या काळांतील नोंदींवरून तयार झालेला असतो. जुनी नोंद खोटी नसते. पण ती आजची असेलच असे नाही. म्यानमारमधील 'बटागुर ट्रायव्हिटाटा' हे गोड्या पाण्यातील कासव याचे बोलके उदाहरण आहे.

१८३५ मध्ये द्युमेरील आणि बिब्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी या कासवाचे वर्णन केले. नराच्या पाठीवरील तीन काळ्या पट्ट्यांवरून त्याला हे नाव मिळाले. म्यानमारबाहेर ते कोठेही आढळत नाही. इरावती, चिंदविन, सितांग आणि साल्विन या नद्यांत एके काळी ते होते. अंड्यांची बेसुमार लूट आणि मासेमारीची जाळी यांमुळे ते घटत गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तर ते नामशेष झाले असावे, अशी भीती व्यक्त होऊ लागली.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी मात्र नवे पुरावे हाती आले. लोकमान्य टिळकांच्या कारावासामुळे आपल्या परिचयाच्या असलेल्या मंडाले शहरात, एका पॅगोडाच्या तळ्यात ही कासवे जिवंत आढळली. बौद्ध भाविक पुण्यकर्म म्हणून अशा तळ्यांत कासवे सोडतात. त्यामुळे प्रजाती टिकून आहे एवढे सिद्ध झाले. तिची नदी कोणती, हे कळले नाही. मंडालेजवळ इरावतीला मिळणाऱ्या दोख्तवडी नदीकाठी गावकऱ्यांकडे मिळालेल्या कवचाने नदीचा पत्ता दिला. पुढे वरच्या चिंदविनच्या वाळूच्या पट्ट्यांवर माद्या अंडी घालत असल्याचे दिसले. प्रजननाची खूण देणारी ही नोंद सर्वांत मोलाची ठरली.

दोख्तवडीवर येवा धरण झाले, २०१० मध्ये तेथील वीजप्रकल्प सुरू झाला आणि कासवांचा तेथील अधिवास पाण्याखाली गेला. आज निसर्गात अंडी घालणाऱ्या मोजक्याच माद्या उरल्या असून त्या चिंदविनमध्ये आहेत. तेथेही सोन्यासाठी होणारा नदीपात्राचा उपसा त्यांच्या मुळावर आला आहे.

दिलासा देणारी बाब अशी, की वाळूतील घरट्यांवर पहारा ठेवून, अंडी सुरक्षित जागी उबवून आणि पिले वाढवून बंदिस्त अवस्थेतील कासवांची संख्या २०२० पर्यंत हजाराच्या जवळ पोहोचली. कोणत्या वाळूवर, कोणत्या महिन्यात मादी येते, याची अचूक नोंद नसती तर हे शक्यच झाले नसते.

तथापि, तलावातील हजार कासवे म्हणजे नदीतील हजार कासवे नव्हेत. मोकळी वाळू आणि वाहते पाणी राखले गेले नाही, तर चिंदविनची नोंदही उद्या जुन्या नोंदींत जमा होईल.