स्फटिकाला स्फटिकच लागतो

तुरटीच्या द्रावणात अमोनिया थेंबथेंब सोडला की परीक्षानळीत पांढरट, बुळबुळीत साका उतरतो. हा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. गाळायला घ्यावा तर गाळणकागद तुंबतो, धुवायला घ्यावा तर पाणी सोडत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याला ना कड दिसते, ना कोन. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर मातीचे कण कवटाळून तळाशी जातो तो हाच; तिथे त्याचा चिकटपणा कामी येतो. पण याच पदार्थाला दुसऱ्या वाटेने आणलं, तर तो कोनदार, खरखरीत, भराभर खाली बसणारा आणि सहज धुतला जाणारा निघतो.

ती वाट कॉस्टिक सोड्यातून जाते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड उभयधर्मी आहे: आम्लात विरघळतं, तीव्र अल्कलीतही विरघळतं. गरम, दाट कॉस्टिकमध्ये ते विरघळवलं की सोडियम ॲल्युमिनेटचं नितळ द्रावण मिळतं. ते निवू दिलं की त्यात मावेल त्यापेक्षा जास्त माल उरतो. आता स्फटिक पडायलाच हवेत. पण पडत नाहीत! द्रावण दिवसचे दिवस तसंच नितळ राहू शकतं.

या अडेलपणाचं कारण अणूंच्या मांडणीत आहे. द्रावणात ॲल्युमिनियमच्या एकेका अणूभोवती चार हायड्रॉक्सिल असतात, स्फटिकात सहा. ही सगळी जुळवाजुळव मोकळ्या पाण्यात, कुठल्याही आधाराशिवाय व्हायची तर ती फार अवघड. म्हणून द्रावणात आधीच तयार असलेल्या स्फटिकांची पूड टाकायची. दुधाला विरजण लावावं तसंच हे, फक्त इथे जिवंत काही नाही. आयता पृष्ठभाग मिळतो आणि त्यावर थरावर थर चढतात. ढवळत ठेवलेलं द्रावण दुधाळ होत जातं. ढवळणं थांबवलं की तळाशी पांढरी रेती बसते. भिंगातून पाहिलं तर कण लुकलुकतात: एकमेकांत रुतलेल्या षटकोनी पापुद्र्यांचे गठ्ठे. हे जिबसाइट. आणि स्फटिक पडता पडता कॉस्टिक पुन्हा मोकळं होतं, पुढच्या खेपेला वापरायला.

हे १८८७ मध्ये ओळखलं कार्ल योझेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने. ॲस्पिरिनवाल्या बायरशी याचा काही संबंध नाही. तो तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याला ॲल्युमिनियम धातू नव्हे, कापड रंगवताना रंग पक्का करणारं द्रव्य हवं होतं. ॲल्युमिनियमचं धातुक, म्हणजे बॉक्साइट, थेट दाबाखालच्या गरम कॉस्टिकमध्ये शिजवण्याची पुढची पायरीही त्याचीच. आजही जगातलं बहुतेक ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) याच पद्धतीने निघतं.

मला यातली खरी गंमत आपल्याकडच्या उदाहरणात दिसते. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाने लाखो वर्षं बेसाल्ट धुतला. चुना, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिका वाहून गेली, ॲल्युमिनियम आणि लोह मागे राहिलं. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीचा बॉक्साइट असाच घडला, आणि त्यातलं मुख्य ॲल्युमिनियम-खनिज जिबसाइटच. हा बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात गेला, तिथे विरघळला आणि टाक्यांमधून बाहेर पडलं ते पुन्हा जिबसाइट! कारखान्यातली माणसं त्याला नुसतं ‘हायड्रेट’ म्हणतात. आत गेलं तेच बाहेर आलं. लाल गाळ तेवढा मागे राहिला.

प्रयोगशाळेत घाई केली तर मात्र दुसराच पाहुणा येतो. सोडियम ॲल्युमिनेटच्या त्याच द्रावणात, पण थंड असताना, कार्बन डायऑक्साइड जोरात सोडला तर बायराइट पडतं. सूत्र तेच, थरही तेच. जिबसाइटमध्ये ते एकाआड एक उलटे रचलेले असतात, बायराइटमध्ये सगळे एकाच बाजूने. इतक्याशा फरकाने आकार पालटतो: पापुद्र्यांऐवजी शंकू, कधी दोन शंकू टोकाला टोक लावलेले. नाव बायरचं, पण बायरच्या पद्धतीच्या कारखान्यांत हे बनत नाही, तिथे जिबसाइटच बनतं. नामकरणातला हा घोळ तसाच राहून गेला आहे.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात संशोधकांनी तिसरी वाट धरली. ॲल्युमिनियमची सेंद्रिय संयुगं सौम्य आम्लात घालून ते पाणी सुमारे ८५ अंशांवर तीन दिवस तापवलं, आणि जिबसाइटच्या जवळपास २०० नॅनोमीटर रुंदीच्या षटकोनी चकत्या मिळवल्या. द्रवात अशा चकत्यांची गर्दी पुरेशी वाढली की त्या आपोआप एका दिशेला वळतात आणि नळीत दोन थर होतात: वर विस्कळीत, खाली शिस्तीत. त्यासाठी एकमेकींना ओढून घेण्याची गरज नसते. एका दिशेला वळल्यावर प्रत्येकीला हलायला जास्त जागा मिळते, एवढंच कारण पुरतं. लार्स ऑन्सागर या शास्त्रज्ञाने हे गणित १९४९ मध्ये मांडलं होतं. चकत्यांच्या बाबतीत ते पडताळून पाहायला जिबसाइट उपयोगी पडलं.