आजच्या दिवसापुरता धीर

रियाधच्या ओलाया भागात रविवारची सकाळ म्हणजे घाईची वेळ. २६७ मीटर उंचीचा अल फैसलिया मनोरा आणि ३०२ मीटरचे किंगडम सेंटर यांच्या दरम्यान बँका, हॉटेले, दवाखाने, दुकाने आणि कचेऱ्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. २०१३ पासून सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे रविवार हा आठवड्याच्या कामाचा पहिला दिवस. अहिल्यानगर, मिरज किंवा वसईकडून इथे नोकरीला आलेल्या ख्रिस्ती माणसाला हा बदल अंगवळणी पडायला वेळ लागतो. घरी या वेळी उपासनेची किंवा मिस्साची तयारी चाललेली असते. इथे हजेरी लावायची असते. जवळपास चर्चही नाही, कारण साऱ्या देशातच एकही चर्च नाही. मुस्लिमेतर धर्माची सार्वजनिक उपासना आणि धर्मप्रचार यांना इथे मनाई आहे. घरात खासगीपणे प्रार्थना करायला हरकत नाही, असे सरकारने वेळोवेळी सांगितले आहे; त्याला लेखी कायद्याचा आधार मात्र नाही. घंटा नाही, पाळक नाही, वेदी नाही, शेजारच्या बाकावरची ओळखीची माणसे नाहीत. अशा ठिकाणी श्रद्धेला रोजचा आधार कशाचा, हा प्रश्न उपदेशाचा उरत नाही, दिवस काढण्याचा होतो.

आधार मिळतो तो बहुधा फोनवर. सूर्योदयाच्या किंवा फुलांच्या चित्रावर छापलेले बायबलचे एक वचन, खाली ‘शुभ सकाळ’. पाठवणाऱ्याच्या मनात प्रेम असते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण अशा चित्रांवर फार वेळा दिसणारे एक वचन नीट पाहण्यासारखे आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातले ते अकरावे वचन. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हांला आशा आणि भवितव्य देणारे आहेत, असा त्याचा आशय. हे वचन आहे एका पत्रातले, आणि ते पत्र लिहिले आहे परदेशी नेलेल्या माणसांना. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधून जे लोक बाबेलला नेले, त्यांत कारागीर आणि लोहारही होते. त्यांच्याविषयी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने यरुशलेममध्ये खात्री दिली होती की दोन वर्षांत सगळे घरी परततील. लोकांना ते आवडले असणार, कुणाला आवडणार नाही? यिर्मयाने मात्र कळवले की सत्तर वर्षे लागतील. तोवर घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आशेचे ते सुप्रसिद्ध वचन या सत्तर वर्षांच्या लगेच पुढे येते. ते कापून वेगळे काढले की यिर्मयाच्या तोंडी हनन्याचा निरोप घातल्यासारखे होते.

माझे म्हणणे या पत्रातूनच निघते. ख्रिस्ती धर्मग्रंथातला धीर सुटकेची तारीख सांगत नाही. तो एका दिवसापुरता मिळतो, दुसऱ्या माणसाकडून मिळतो, आणि दुःख लपवायला सांगत नाही. यांतले काहीही वगळले तर हातात उरतो तो फक्त गोड शब्द. ओलायासारख्या जागी हे जास्त स्पष्ट दिसते, कारण गावाकडे चर्च, सण, नातलग आणि सवय ही सगळी मिळून ज्या उणिवा झाकतात, त्या इथे उघड्या पडतात.

एका दिवसापुरता, याचा अर्थ निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. मिसरातून निघालेल्या लोकांना अरण्यात मान्ना हे देवाने दिलेले अन्न मिळायचे ते ज्याच्या त्याच्या गरजेपुरता, त्या दिवसाचा. लोभाने साठवलेले सकाळी किडायचे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजची, वर्षाची नाही. दोन वर्षांच्या करारावर आलेल्या माणसाच्या मनात सगळे हिशेब लांबचे असतात: कर्ज कधी फिटेल, बहिणीचे लग्न कधी होईल, घराचा स्लॅब कधी पडेल. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे, यावरूनच उरलेल्या तासांची कल्पना यावी. सातशे दिवस एकदम डोळ्यांपुढे आले तर कुणाचेही पाय गळतील. रोजच्या वचनाचे काम हे सातशे दिवस गोड करून दाखवण्याचे नाही. नजर आजवर आणून ठेवावी, एवढेच त्याच्याकडून मागावे, आणि तेही काही थोडे नाही.

रोज एक वचन घेण्याची ही रीत आली कुठून, तेही जाणून घेण्यासारखे आहे. मोराव्हियातून धर्मछळामुळे घरदार सोडून निघालेल्या कुटुंबांनी १७२२ मध्ये जर्मनीत हेर्नहूट ही वस्ती वसवली. झिंझेनडॉर्फ या सरदाराने त्यांना आपल्या जमिनीवर आसरा दिला होता. ३ मे १७२८ रोजी त्याने मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले आणि तेव्हापासून दिवसाला एक वचन असा नेम सुरू झाला. १७३१ पासून ही वचने वर्षाच्या पुस्तकरूपाने छापली जातात. आज ती पन्नासहून अधिक भाषांत निघतात. म्हणजे ही रीत निघाली ती परागंदा माणसांच्या वस्तीत. सुरुवातीला छापील पुस्तक नव्हते, तेव्हा मंडळीतले भाऊ ते वचन रोज घरोघरी नेऊन सांगत आणि त्या घरातल्यांची विचारपूस करत. पुढे छपाई आली, मग फोन आला, वचन झपाट्याने पोहोचू लागले. विचारपूस तेवढी मागे पडली. मला वाटते, नुकसान झाले ते इथे.

रोजच्या वचनावर भिस्त ठेवण्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, विशेषतः पाळक आणि धर्मगुरू यांच्याकडून. ख्रिस्ती श्रद्धा एकट्याने खोलीत बसून पाळायची नसते. ती मंडळीची, प्रभुभोजनाची, एकत्र गायनाची श्रद्धा आहे. प्रभुभोजन आणि मंडळी नसताना वचन वाचणे म्हणजे अर्धेच जेवण. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात रोज धीर द्या असे सांगितले आहे ते एकमेकांना. स्वतःच स्वतःला द्या असे नाही. पण मंडळी म्हणजे इमारत आणि रविवारची सुट्टी, हे समीकरण जितके जुने वाटते तितके ते नाही. रोमी साम्राज्यात रविवारची सुट्टी आली ती कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने, ३२१ साली. त्याआधीची जवळजवळ तीन शतके ख्रिस्ती माणूस रविवारी कामावरच जात असे, आणि त्यांत कितीतरी गुलाम होते. सुमारे ११२ साली बिथुनियाचा प्रांताधिकारी प्लिनी याने सम्राट ट्रेजनला कळवले की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. उजाडण्यापूर्वी, कारण उजाडल्यावर बहुधा कामाला जायचे असे. फुरात नदीकाठच्या दुरा युरोपस इथे तिसऱ्या शतकातले जे प्रार्थनास्थळ सापडले, ते मुळात राहते घर होते. अरबस्तानही ख्रिस्ती श्रद्धेला परके नाही: नजरान इथे सहाव्या शतकात मोठी ख्रिस्ती वस्ती होती आणि तिने भयंकर छळ सोसला.

पाळकावाचून किती काळ निभावता येते, याचे सगळ्यांत ठळक उदाहरण जपानचे आहे. १६१४ मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, पुढे धर्मगुरू उरले नाहीत. तरी नागासाकीजवळच्या खेड्यांत शेतकरी आणि कोळी यांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवल्या. मार्च १८६५ मध्ये त्यांच्यातली काही माणसे नव्या ओउरा चर्चमधल्या फ्रेंच धर्मगुरूपुढे येऊन उभी राहिली आणि हा आमचाच धर्म असे त्यांनी सांगितले. अडीचशे वर्षांत प्रार्थनांचे उच्चार झिजले, अर्थ सरकले. आक्षेप घेणाऱ्यांची भीती तेवढ्यापुरती खरीच ठरली. म्हणून रियाधमधल्या ज्यांना व्हिसा, रजा आणि पैसा जमतो ते २५ किलोमीटरचा किंग फहद पूल ओलांडून बहरीनला जातात, याला मी चैन म्हणणार नाही. तिथे अवाली इथे डिसेंबर २०२१ मध्ये अवर लेडी ऑफ अरेबिया हे कॅथेड्रल उघडले. तिथल्या चर्चमधून मोठी उपासना शुक्रवारी होते, रविवारची वाट कुणी पाहत नाही. पण सफाई कामगाराला किंवा सुरक्षारक्षकाला हे परवडत नाही, आणि रोजच्या धीराची गरज त्याची कमी नाही.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो आणि तो अधिक बोचरा आहे. पगार थकला, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, बारा तास राबवले, आणि तुम्ही त्या माणसाला रोज एक वचन देता. ही श्रद्धा झाली की गुंगी? ज्या वचनांमुळे माणूस तक्रार करायची विसरतो ती गुंगीच, यात मला शंका नाही. फक्त ती वचने बायबलमध्ये आहेत तशी वाचली गेलेली नसतात. स्तोत्रसंहितेच्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. कुठवर, का, मला का विसरलास, असे विचारणारी. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची ओळ नाही. मराठी माणसाला देवाशी असे भांडणे नवे नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाला जे खडसावले ते आपण पिढ्यान्‌पिढ्या गातो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे कवी नारायण वामन टिळक मानत, ते उगाच नाही. आणि बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट पाहा. जीव नकोसा होऊन तो अरण्यात झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खायला लावले. थकलेल्या माणसाला धीर देण्याचा क्रम तिथे असा आहे.

श्रद्धा हात बांधते की मोकळे करते, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळाच्या भटकंतीत गेले, १८८२ मध्ये पती गेले, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य भारतातून अनाथ मुली आणि विधवा आणून केडगावला मुक्ती सदन उभे केले. तिथल्या मुलींनी छापखाना चालवला. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत रमाबाईंनी अख्खे बायबल उतरवले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी निधन होण्यापूर्वी ते काम हातावेगळे केले. ज्यांना वाटते की रोजची प्रार्थना माणसाला निमूट करते, त्यांनी या बाईंचे चरित्र वाचावे. ओलायातल्या कामगारालाही सकाळचे वचन देणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे की कराराची प्रत स्वतःजवळ असावी, २०२१ च्या सुधारणांनंतर काही अटींवर मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलता येते, आणि भारत सरकारच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना आणि आपल्या हक्काची मागणी, यांत विरोध नाही.

मातृभाषेचा मुद्दा यातच येतो. फिलिपिनो, तमिळ, मल्याळी माणसे रियाधमध्ये पुष्कळ; मराठी ख्रिस्ती विखुरलेला, बहुधा इंग्रजी वचनावर भागवणारा. वास्तविक त्याच्या गाठीला मोठे धन आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले: सुमारे अकरा हजार ओव्या, म्हणायला सोप्या, पाठ होणाऱ्या. टिळकांची भजने आजही मराठी चर्चमध्ये गातात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हाताशी आहे. पाठ असलेल्या ओवीला पुस्तक लागत नाही, आवाजही लागत नाही; बारा तासांच्या पाळीत ती मनात म्हणता येते. जिथे उघड उपासनेची सोय नाही तिथे पाठांतराला जे मोल येते, ते गावाकडे बसून सहसा लक्षात येत नाही.

म्हणून करण्याचे काम रियाधपेक्षा इकडे, महाराष्ट्रात, जास्त आहे. आपल्या मंडळीतले कोण आखातात आहे याची नावे पाळकाकडे असावीत आणि ती प्रार्थनेत घेतली जावीत. रियाधमध्ये पहाटेचे पाच वाजतात तेव्हा इकडे साडेसात झालेले असतात. चित्र पुढे ढकलण्याऐवजी त्या वेळी कुणीतरी आपल्या आवाजात एक स्तोत्र वाचून पाठवावे, आणि वाचून झाल्यावर जेवण, झोप, पगार यांची चौकशी करावी. आठवड्यातून एकदा उलट दिशेने व्हावे: तिकडच्याने वाचावे, इकडच्याने ऐकावे. कारण धीर एकमेकांना द्यायचा आहे, आणि मुलगा परदेशी असलेल्या घरातही त्याची गरज असते. मराठी मंडळ्यांनी परदेशी राहणाऱ्यांसाठी वर्षाची वाचनमाला तयार केली, तर तिच्यात यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पूर्ण छापावा, सत्तर वर्षांसकट, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वगळू नये.