मिनिटाला पन्नास श्वास

चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला. नवं जिल्हा मुख्यालय आलं, पाट्या बदलल्या. तान्ही लेकरं जायची ती जातच राहिली. छातीत कफ भरलेल्या, पोट उडायला लागलेल्या पोराला वाचवू शकणारी प्रतिजैविकं तोवर शहरांत जुनी झाली होती. टोल्यावरची आई पोराला घेऊन मांत्रिकाकडे जायची. या गोष्टीला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मांत्रिक गावात होता, रात्री दार उघडत होता. डॉक्टर तालुक्याला, आणि वाटेत नदी.

१९८६ मध्ये अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातलं शिक्षण संपवून इथे आलं आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पहिलं काम कंटाळवाणं होतं: घरोघरी जाऊन जन्म आणि मृत्यू नोंदवणं. सरकारी दप्तरात बालमृत्यू नेहमीच कमी भरतात. दोन दिवसांचं बाळ गेलं तर त्याचा जन्मही लिहिलेला नसतो, मग मृत्यू कुठला? नोंदी नीट झाल्यावर पोरांना नेणारा सगळ्यात मोठा आजार न्यूमोनिया असल्याचं दिसलं.

आता निदान कसं करायचं? एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप ऐकायला प्रशिक्षित कान नाही. इथे दूरच्या पापुआ न्यू गिनीतलं एक काम उपयोगी पडलं. फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञांनी तिथे दाखवलं होतं की खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला पन्नासच्या वर गेला तर तो बहुधा न्यूमोनियाच. म्हणजे डोळे आणि आकडे येत असले की झालं. पण गावच्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येईना. तेव्हा ‘सर्च’ने श्वास मोजायचं साधन बनवलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला तर को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक सुरू. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत हुशार वस्तू हीच वाटते. बाईला शिकवून साधनाजोगी करण्याऐवजी साधनच तिच्याजोगं केलं.

१९८८ पासून ५८ गावांत हे उपचार सुरू झाले. तुलनेसाठी ४४ गावं होती, तिथे नेहमीच्या सरकारी सेवा. १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले. उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या ६१२ आजारपणांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने जाणारी उपचाराच्या गावांत ८.१, तुलनेच्या गावांत १७.५. औषध स्वस्तातलं, साधी गोळी. ते देणारे हात होते पॅरामेडिक, गावचे आरोग्यसेवक आणि सुईणी. (त्या ४४ गावांचा विचार मनात येतोच. त्या पोरांच्या मरणाशिवाय हा पुरावा उभा राहिला नसता, आणि पुराव्याशिवाय जगाने ऐकलं नसतं. मला यावर सोयीचं उत्तर सापडलेलं नाही.)

पुढची पायरी जास्त धाडसाची. जन्मल्यापासून महिन्याभरात जाणाऱ्या बाळांना गोळी पुरत नाही. रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाला जेंटामायसिनचं इंजेक्शन लागतं. काही इयत्ता शिकलेल्या गावातल्या बाईच्या हातात सुई द्यायची, या कल्पनेनेच अनेक डॉक्टर अस्वस्थ झाले. ३९ गावांत ती दिली गेली. जंतुसंसर्गाने आजारी पडलेल्या नवजात बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं. १९९९मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला.

त्यानंतर कौतुक भरपूर झालं, परवानगी मात्र रखडली. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविका, आल्या. २०११मध्ये घरी जाऊन नवजात बाळ बघण्याचं काम देशभर त्यांच्याकडे आलं. वजन, ताप, अंगावर पाजणं, ऊब, धोक्याच्या खुणा, सगळं घेतलं. सुई तेवढी गाळली. २०१४मध्ये केंद्राने जेंटामायसिनची मुभा दिली ती एएनएमला, म्हणजे सरकारी परिचारिकेला, तीही ठरावीक परिस्थितीत. आशाला पगार नाही, मुख्यतः कामागणिक मोबदला. तिच्याकडून अपेक्षा मात्र पूर्णवेळ नोकरदाराच्या. गडचिरोलीत यश गोळीचं होतं तेवढंच नियमित होणाऱ्या देखरेखीचं आणि न तुटणाऱ्या पुरवठ्याचंही होतं. देशभर नेताना नेमकं हेच पातळ झालं.

आणि लस. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणाला, न्यूमोकोकस जंतूला अडवणारी लस अमेरिकेतल्या बाळांना २००० पासून नियमित मिळू लागली. आपल्याकडे खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजणाऱ्यांना ती बरीच आधी मिळत होती. सरकारी लसीकरणात ती २०१७मध्ये मोजक्या राज्यांत आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वस्त लस डिसेंबर २०२०मध्ये बाजारात आली आणि २०२१मध्ये देशभराच्या सरकारी लसीकरणात न्यूमोकोकसची लस मोफत झाली. मण्यांवर ज्यांचे श्वास मोजले गेले ती पहिली पोरं तोवर तिशी ओलांडून गेली होती, आणि त्यांची थोरली मुलं ही लस घ्यायच्या वयाबाहेर निघाली होती.