स्लॅबमध्ये नाणे फिरले तर माल खोटा ठरतो काय?

आमचा धंदा कापडाचा. पण दोन वर्षांपूर्वी एका जुन्या गिऱ्हाईकाने थकलेल्या उधारीपोटी १८६२ सालचा राणी छाप रुपया आमच्या हाती दिला. रुपया प्लॅस्टिकच्या बंद डबीत होता. या डबीला नाण्यांच्या बाजारात ‘स्लॅब’ म्हणतात. गंमत अशी की राणीचा मुखडा सरळ नव्हता, ती जणू पाठीवर पहुडली होती. विकायला नेला तेव्हा नाण्यांच्या व्यापाऱ्याने एकदम चौथाई भाव कापला. ‘डबी उघडून आतला माल बदललेला दिसतो,’ असे तो म्हणाला. आम्ही सौदा न करता परत आलो आणि या प्रकरणाची माहिती काढली. आपल्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांच्या घरी जुनी नाणी आहेत, काही जण त्यांची खरेदी-विक्रीही करतात, म्हणून ती येथे देत आहोत.

नाण्याची पारख करून त्याला १ ते ७० या मोजपट्टीवर दर्जा द्यायचा आणि ते डबीत बंद करायचे, हे काम अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर चालते. पीसीजीएस ही कंपनी १९८६ साली आणि एनजीसी ही १९८७ साली सुरू झाली. डबीचे दोन भाग ध्वनिलहरींच्या कंपनांनी एकमेकांना सांधतात, त्यामुळे ती मोडल्याशिवाय उघडत नाही. आत नाण्याला कडेने धरणारी एक चकती असते. साऱ्या खेळाचे मूळ या चकतीत आहे. चकतीची भोके ठरावीक मापाची आणि नाणी मात्र शेकडो तऱ्हेची. माप किंचित सैल पडले की टपालाच्या किंवा गाडीच्या हादऱ्यांनी नाणे हळूहळू फिरते. शर्टाचे काज मोठे झाले की बटण जागेवर राहत नाही, तसेच हे.

तेव्हा नुसते फिरलेले नाणे म्हणजे दगाबाजी नव्हे. शंका घ्यायची तर डबीच्या शिवणीवर घ्यावी. कडेला चीर, पांढुरके ओरखडे किंवा डिंकाचा माग आहे काय, ते भिंग लावून पाहावे. लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. पण तेवढ्याने भागत नाही, कारण नकली डब्या करणारे खरेच क्रमांक चोरून छापतात. तेथे फोटो असेल तर नाण्यावरचा एखादा डाग, एखादी रेघ ताडून घ्यावी. कापडाच्या ताग्यावर आपण नुसती छाप पाहत नाही, पोतही चाचपतो.

काही वेळा नाणे फिरलेलेच नसते, पाहणारा फसतो. अमेरिकी नाण्याची मागची बाजू पुढच्या बाजूच्या मानाने मुळातच उलटी छापलेली असते. डबी पुस्तकाच्या पानासारखी उलटली तर गरुड डोक्यावर उभा दिसणारच! मोगल रुपयांचे आणखी निराळे. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे फारसी अक्षरे लागतात. ‘जुलूस’ हा शब्द खाली डोके वर पाय करून बसवलेला आम्ही स्वतः पाहिला आहे. अक्षर न वाचता आल्याने बसवणाऱ्यानेच तो तसा ठेवला असणार. शिवाय हे रुपये हातोड्याने पाडलेले, कडा वेडीवाकडी; चकती त्यांना दोन-तीन ठिकाणीच धरते, म्हणून ते लवकर हलतात.

आता उपाय. डबी कडेवर उभी धरून तळहातावर किंवा रबराच्या तुकड्यावर हलकेच टिचकावली तर नाणे थोडे थोडे सरकून सरळ होते. टेबलावर आपटू नये. नाणे मागे-पुढे खुळखुळत असेल तर टिचकावण्याच्याही भानगडीत पडू नये. उंचवट्याचा भाग प्लॅस्टिकला घासला तर चांदीवर, आणि सोन्यावर तर अधिकच, डाग पडतो. डबी फोडणे हा सर्वांत महाग मार्ग. फोडली की दर्जाही गेला आणि कंपनीची हमीही गेली.

फी घेऊन कंपन्या नवी डबी देतात, दर्जा सहसा तोच ठेवतात. परंतु आपल्याकडे येथे कायदा आडवा येतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ते बाहेरूनच डबीत बंद होऊन आले असले, तरी परत पाठवणे ही निर्यातच. जॉर्ज सहाव्याच्या १९४० नंतरच्या रुपयाला ही अडचण अजून नाही. आमच्या राणीला मात्र होती.

म्हणून आम्ही तिला रबरावर टिचकावत बसलो. तीन संध्याकाळी गेल्या, अर्धीअधिक सरळ झाली, पुढे हलेना. शिवण साफ होती, फोटोतला कानाजवळचा काळा ठिपका जुळत होता. दुसऱ्या गिऱ्हाईकाला फोटो आणि नाणे शेजारी ठेवून दाखवले, नाणे डबीत फिरलेले आहे हे आधीच सांगितले आणि बिलावरही तसे लिहून दिले. त्याने थोडा भाव पाडलाच, पण चौथाई नाही.