खिळा कशात मारायचा?

तुळशीचं लग्न लागलं की उल्हासनगरात घोड्यांची टंचाई होते. कॅम्प एकपासून पाचपर्यंत एकाच रात्री कितीतरी वराती निघतात. घर सिंधी असो, पंजाबी असो की मराठी, नवरदेव घोडीवर हवा आणि घोडी पांढरी हवी. ती राहते मात्र शहराबाहेर. अंबरनाथ सोडून बदलापूरकडे निघालं की जिथे अजून शेताचे तुकडे आणि पत्र्याच्या शेड शिल्लक आहेत, तिथे तिचा तबेला. शिवकाळात बदलापूरला घोडे बदलले जायचे, अशी एक आख्यायिका गावात सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, दमलेलं जनावर बांधून ताजं सोडून घ्यायची चैन आजच्या घोडेवाल्याला परवडत नाही. त्याच्याकडे एक-दोन घोड्या, आणि सगळा हंगाम त्यांच्याच पायांवर काढायचा.

मी पाहिली ती घोडी नुकरा, म्हणजे पांढरी, गुलाबी कातडीची. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथून आणलेली. आल्यापासून तिला कधी नाल लागली नव्हती. काम हलकं होतं: शेतघरावर आलेल्या पोरांना पाठीवर घेऊन मातीच्या वाटेने फिरवणं. यंदा मालकाने तिला वरातीला काढायचं ठरवलं आणि कार्तिकातल्या तारखांचे इसारही घेऊन ठेवले. पेशवाईत स्वारीवर निघण्याआधी शिलेदाराला घोड्यांच्या तयारीसाठी आगाऊ रक्कम मिळायची, तिला नालबंदी म्हणत. इथेही आगाऊ रक्कम हातात होती, स्वारी ठरली होती, आणि नेमकी भादव्यात घोडी पाय चोरायला लागली.

मालकाचं म्हणणं सरळ होतं. पाय दुखतोय ना, मग चारी पायांना नाल मारून टाका.

नालबंदांना तिथे सगळे चाचा म्हणतात. त्यांनी थैली उघडलीच नाही. ‘आधी चालवून दाखवा,’ म्हणाले. मऊ मातीवर घोडी सरळ चालली. मग मोठ्या खडीच्या पट्ट्यावर आणली, तिथे मान खाली गेली, पावलं आखूड झाली आणि टाप टेकवण्याआधी ती जागा शोधू लागली. सिमेंटच्या रस्त्यावर पुन्हा जरा बरी. शेवटी छोट्या गोलात वळवली, तेव्हा आतल्या बाजूचा पुढचा पाय टेकताना ती थबकत होती, आणि उजवीकडे वळवा नाहीतर डावीकडे, तसंच.

यातली एक गोष्ट मला चाचांनी सांगेपर्यंत कळली नव्हती. एकच पुढचा पाय दुखत असेल तर घोडा मान उडवतो: दुखरा पाय टेकला की डोकं वर, चांगला टेकला की खाली. ते कुणालाही दिसतं. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर मान उडत नाही, लंगडणं दिसत नाही. जनावर फक्त मंद वाटतं. ‘महिनाभर आळशी झालीये,’ असं मालक मघाशी म्हणाला होता, तो हाच महिना.

मग चाचा खाली बसले. टापेच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही कडांनी शीर खाली जाते, तिथे बोटं ठेवून बराच वेळ गप्प राहिले. निरोगी पायात ही नाडी शोधावी लागते. आत दाह असेल तर ती बोटाला धडका देते. इथे लागत होती, पण धडकत नव्हती. टापेवर तळहात ठेवला, ऊब विशेष नव्हती. पाय उचलून मांड्यांत धरला, तळव्यातला चिखल खरवडला आणि दोन्ही अंगठ्यांनी तळवा दाबला. टोकाच्या बाजूला तो किंचित आत जात होता. टाप दाबायच्या लांब दांड्यांच्या चिमट्याने तीच जागा धरली तेव्हा घोडीने पाय हिसकला. तळवा झिजून पातळ झाला होता. पावसाळ्यात शेतघराच्या वाटेवर चिखल होतो म्हणून जेसीबीने खडी ओतली होती. टापेची कड झिजत झिजत तळव्याच्या बरोबरीला आली आणि मग तळवाच खडीवर टेकू लागला.

दुसरी गोष्ट नाकाला आधी कळली. तळव्याच्या मधोमध त्रिकोणी रबरी गादी असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून काळा, कुजका वास येणारा चिकट पदार्थ निघाला. चार महिने ओल्या शेडमध्ये, शेणमुतात उभं राहिल्याची ही कमाई. कोकणाकडच्या या पट्ट्यात पावसाळ्यात ती बहुतेक तबेल्यांत सापडते. खाच खोल गेली की गादी दुखते, गादी दुखली की घोडा टाचेने टेकायचं सोडून टोकाने टेकतो, आणि टोक आणखी झिजतं.

मालक म्हणाला, ‘म्हणजे नालच पाहिजे ना, चाचा?’

‘मारतो की. पण खिळा कशात मारू ते दाखवा.’

सगळा पेच या वाक्यात होता. टापेची बाहेरची भिंत मेलेली असते, बोटाच्या नखासारखी. खिळा तिच्यात मारला तर घोड्याला कळतही नाही. भिंत आणि तळवा यांच्या सांध्यावर फिकट रेघ दिसते. खिळा तिच्या बाहेरून शिरला पाहिजे आणि वर जाताना बाहेर वळला पाहिजे. म्हणूनच नालेच्या खिळ्याचं टोक एका अंगाने तासलेलं असतं. रेघेच्या आत गेला तर खिळा जिवाला लागतो, त्यात पू झाला तर जनावर तो पाय टेकतच नाही. या घोडीची भिंत झिजून इतकी आखूड झाली होती, आणि पावसाने इतकी मऊ, की खिळ्याला धरायला जागाच नव्हती. ज्या पायाला नालेची सर्वांत जास्त गरज, त्याच पायाला ती मारणं सर्वांत अवघड.

चाचांनी आणखी एक चौकशी केली, मालकाला ती अस्थानी वाटली. हिला खायला काय देता? गवत, कडबा, भिजवलेले हरभरे, आणि गूळ. गूळ किती? मालक हसला. येणाराजाणारा देतो, पोरं देतात. चाचांनी टापेवर बोट फिरवून दोन-तीन आडवे वळ दाखवले. भिंतीला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे असतात. खाण्यात साखर-धान्य जास्त झालं की त्यांना सूज येऊ शकते, आणि कडक टापेच्या आत सुजेला पसरायला जागा नसते. दुखणं बळावलं की घोडा पुढचे पाय लांब ताणून सगळा भार मागे घेऊन उभा राहतो. हाडच जागेवरून सरकलं तर त्याचं काम संपतं. त्या अवस्थेत नाल ठोकण्याआधी डॉक्टर लागतो. इथे नाडी धडकत नव्हती, उभं राहणंही ठीक होतं. पण वळ होते. आधी कधीतरी हलकी खोट बसून गेली होती आणि कुणाच्या लक्षात आली नव्हती.

नाल हवी की नको यावर घोडेवाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, निसर्गाने टाप दिली, लोखंड कशाला? दुसरा म्हणतो, नालेवाचून घोडा कामाचा नाही. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघेही जमिनीचं नाव काढत नाहीत. ग्रीक लेखक झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. खिळ्याची नाल तेव्हा प्रचारात नव्हती, त्यामुळे त्याचा सगळा भर टाप कणखर करण्यावर आहे. तबेल्याबाहेर मुठीएवढ्या गोल दगडांचे गाडे ओता आणि घोड्याला त्यावर उभं करा, असं तो सांगतो. त्याआधीच बजावतो की ओल्या, निसरड्या जमिनीने उत्तम टापही बिघडते. उल्हास नदीच्या खोऱ्यातला पावसाळा त्याने पाहिला नव्हता, पण निदान बरोबर होतं. दगड गोल हवेत हेही महत्त्वाचं. आपल्याकडची फोडलेली काळी खडी धारदार असते, तिच्यावर टाप तयार होत नाही, ठेचली जाते.

आणि लोखंडही फुकट येत नाही. वांगणी, शेलू सोडलं की नेरळ, आणि वर माथेरान. तिथे मोटारीला बंदी, त्यामुळे घोड्यांवर अनेक घरं चालतात. लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवायला लागले तेव्हा उतारावर घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार होती, आणि तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. गुळगुळीत पृष्ठभागावर लोखंडाला पकड नसते. उल्हासनगरच्या वरातीत सिमेंटचा रस्ता, गल्लीतले ब्लॉक आणि हॉलच्या दारातली चकचकीत फरशी, तिन्ही येतात. त्यात पुढे बँड, वर फटाके, पाठीवर शेरवानीतला माणूस, ज्याने आयुष्यात लगाम धरलेला नसतो.

जाता जाता एक सांगतो. नालबंदांना परवाना असावा म्हणून केंद्र सरकारने 1965 सालीच प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नियम केले आहेत. मी विचारलं तेव्हा चाचांनी उत्तरादाखल स्वतःचे हात दाखवले.

निर्णय असा झाला. आता नाल नाही. टापेच्या कडा कानशीने फक्त गोल करायच्या, म्हणजे फुटणार नाहीत; तळव्याला चाकू लावायचा नाही, आहे तेवढी जाडी सोन्याची. खाचा रोज घासून कोरड्या करायच्या आणि डॉक्टर सांगेल त्या प्रमाणात मोरचूद लावायचं. शेडमध्ये कोरडा लाकडी भुसा टाकायचा. उल्हासनगरात फर्निचरचे कारखाने गल्लोगल्ली, भुशाला तोटा नाही, ‘पण चाळून घ्या, खिळे असतात त्यात,’ हे चाचांनी दोनदा सांगितलं. खडीवर नेणं बंद. टाप महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते, म्हणजे महिनाभरात खिळ्यापुरती भिंत मिळेल. मग फक्त पुढच्या दोन पायांना नाल, कारण घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढे असतो आणि दुखणंही तिथेच होतं. मागचे पाय उघडेच ठेवायचे, फरशीवर पकड राहायला. पहिल्या दोन तारखांना मालकाने दुसऱ्याची घोडी भाड्याने घ्यायची. यात त्याचे पैसे गेले आणि त्याचा चेहरा पडला, पण ‘नाही’ म्हणाला नाही.

ऑक्टोबरच्या उन्हाने भिंत कडक केली. ठरल्या दिवशी चाचांनी नाल थंडच घडवली, ऐरणीवर ठोकून टापेच्या आकाराला आणली. टापेचा आकार नालेजोगा करायचा मोह त्यांनी टाळला. घाईतले नालबंद नेमकं तेच करतात. नाल मागच्या बाजूला किंचित लांब ठेवली. खिळे पुढच्या अर्ध्या भागातच मारले, कारण भार पडताना टाच फाकली पाहिजे. हातोडीच्या प्रत्येक घावाला ते कान देत होते. घट्ट भिंतीत खिळा खणखणीत वाजतो, जिवाकडे वळला तर आवाज बसतो. डाव्या पायाचा तिसरा खिळा बसल्या आवाजाचा निघाला. तो त्यांनी लगेच उपसला, टोक पाहिलं, त्यावर ओल नव्हती. ते भोक मोकळं सोडून दुसरा खिळा पुढच्या भोकात मारला. बाहेर आलेली टोकं पिळून तोडली, वळवून भिंतीत बसवली.

घोडी त्याच खडीवर चालवली. पावलं लांब पडली. मालक लगेच तारखा मोजायला लागला, तर चाचांनी त्याला सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहून घ्यायला लावली. टाप वाढत राहते, नाल वाढत नाही. तेव्हा काढून पुन्हा बसवावी लागेल, लग्नं कितीही असोत. हंगाम संपला की पावसाआधी काढूनच टाकायची.

‘आणि गूळ बंद,’ चाचा थैली बांधत म्हणाले.

‘मी बंद केला, चाचा. वरातीतल्या बायका परातीतून हरभरा-गूळ आणून तिच्या तोंडाशी धरतात. नवरदेवाच्या आईला मी नको म्हणू?’

चाचांनी थोडा विचार केला आणि विचारलं, घोडीच्या तोंडावर बसेल अशी जाळी मिळते का कुठे कॅम्प दोनमध्ये, झालर लावलेली?