गड सर्वांचा, वाट कोणाची?

आमचे एक स्नेही डिचोली तालुक्यातील एका शाळेत मराठी आणि इतिहास हे विषय बत्तीस वर्षे शिकवून निवृत्त झाले. बालपणी पोलिओने त्यांच्या दोन्ही पायांतील बळ हिरावून नेले. तरुणपणी कुबड्यांवर आणि गेली काही वर्षे चाकांच्या खुर्चीवर त्यांचा संचार चालतो. शिवराज्याभिषेकाचा धडा मास्तरांच्या तोंडून ज्यांनी ऐकला, त्यांना पुढे प्रत्यक्ष रायगड पाहताना तो आधीच ओळखीचा वाटला, असे त्यांचे कितीतरी विद्यार्थी सांगतात. मात्र मास्तरांनी स्वतः रायगड पाहिलेला नव्हता. गेल्या हिवाळ्यात त्यांना घेऊन आम्ही महाडमार्गे पाचाडास गेलो. जे घडले ते आमच्या वाचकांपुढे ठेवावे, असे तेव्हापासून मनात आहे.

निघण्यापूर्वी मास्तरांनी आपल्या शिस्तीप्रमाणे एका कार्यालयात दूरध्वनी करून चौकशी केली होती. "रोपवे आहे ना, मग अडचण कसली?" असे उत्तर मिळाले. उत्तर देणारा माणूस वाईट नसावा; त्याला पाय होते, एवढेच. हिरकणीवाडीहून वर जाणारा हा रज्जुमार्ग १९९६ साली सुरू झाला आणि त्याने हजारो वृद्धांना गड दाखविला, हे निर्विवाद आहे. तेथील पोरांनी मास्तरांना अदबीने पाळण्यात बसविले, खुर्चीची घडी करून सोबत दिली आणि अवघ्या काही मिनिटांत, दीड हजाराच्या आसपास पायऱ्यांचा चढ ज्याच्यासाठी एरवी चढावा लागतो, तो माथा समोर आला. मास्तर खाली दरीकडे पाहत एक शब्दही बोलत नव्हते. वरच्या स्थानकावर खुर्ची उलगडली, मास्तर तीत बसले, आम्ही ढकलू लागलो; आणि समोर पायऱ्या आल्या. वर मेणा दरवाजा दिसत होता.

सोबतच्या भाच्याने पाठीवर घेण्याची तयारी दाखविली. मास्तर म्हणाले, "बत्तीस वर्षे मुलांना ताठ बसायला सांगितले. आता त्यांच्यातलाच कोणी समोर आला, तर मी पाठीवर लोंबकळताना दिसू?" कोणीतरी डोलीचे नाव काढले. डोलीवाले आसपासच्या गावांतील कष्टाळू माणसे. त्यांच्या पोटावर पाय यावा, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला डोली रुचते त्याने खुशाल बसावे. परंतु मास्तर हसले आणि म्हणाले, "संपादक, चौघांच्या खांद्यावरून माणसाने एकदाच जायचे असते. ते मी राखून ठेवले आहे." पुढे त्यांनी आम्हालाच आज्ञा केली की तुम्ही जा, सारे पाहा, आणि जगदीश्वराच्या देवळापाशी हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेली पायरी आहे, तिला माझ्या वतीने हात लावून या.

आम्ही गेलो. राणीवशाच्या जोत्यांवरून, पालखी दरवाजाकडून, राजसभेत. नगारखान्याच्या दाराशी पुटपुटलेला शब्द दोनशेहून अधिक फुटांवरील सिंहासनाच्या जागी ऐकू येतो, याचा अनुभव भाच्याने घेतला. ज्याला डोळे नाहीत अशा माणसाला रायगड दाखवायचा असेल, तर आरंभ येथूनच करावा, असे तेव्हा मनात आले. पुढे बाजारपेठ. घोड्यावरून न उतरता स्वाराला खरेदी करता यावी म्हणून दुकानांची जोती इतकी उंच ठेवली, असे तेथे सांगण्याचा प्रघात आहे. अभ्यासकांनी त्याविषयी शंका घेतल्या आहेत आणि त्या शंका कदाचित रास्तही असतील. पण पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट सांगणाऱ्या लोकांना त्यात कौतुक कशाचे वाटते, ते ध्यानात घेण्याजोगे आहे. ग्राहकाने खाली उतरण्याऐवजी दुकानानेच वर यावे, ही कल्पना आपल्या माणसांना शहाणपणाची वाटते. रस्ता तेथे प्रशस्त आणि बराचसा सपाट आहे. मास्तरांची खुर्ची त्यावरून खडखडत का होईना, पण गेली असती. अडली ती आधीच्या थोड्या पायऱ्यांपाशी.

"गड चढून जाणे हेच खरे दर्शन, पाळण्यात बसून जाणाऱ्याला गड काय कळणार?" असे म्हणणारे दुर्गप्रेमी आजही भेटतात. आम्ही त्यांना हसत नाही, कारण विशीत आम्हीही त्यांतलेच होतो. घाम, धाप आणि माथ्यावरचा वारा यांतून जे कळते ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही, हे खरे. पण ती पायवाट कोणी बुजविलेली नाही. ज्याला चढायचे आहे त्याच्यासाठी चित्त दरवाजापासून महादरवाजापर्यंत सारा चढ जसाच्या तसा आहे. दुसऱ्याचा मार्ग बंद ठेवल्याने आपल्या घामाची किंमत वाढते, हा हिशेब मात्र आम्हाला कधीच समजला नाही. ज्या दरवाजाच्या अलीकडे मास्तर थांबले, त्याच्या नावातच मेणा आहे. राजस्त्रिया त्यातून मेण्यांत बसून येत-जात, असे सांगितले जाते. दुसऱ्या दरवाजाला तर पालखीचेच नाव आहे. प्रत्येकाने स्वतःच्या पायांनी चालत यावे, अशी अट या गडाने त्याच्या वैभवाच्या दिवसांतही घातलेली नव्हती.

आणि त्याहून मोठा दाखला गडाच्या पायथ्याशीच उभा आहे. वृद्धापकाळी जिजाऊसाहेबांना गडावरील थंड, बोचरी हवा मानवेना, तेव्हा महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला. मातोश्रींनी गडाची सवय करून घ्यावी, असे पुत्राने म्हटले नाही. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, मातोश्रींनी पाचाडला देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे. ज्याने हा बेलाग गड राजधानी म्हणून निवडला, त्यालाच देहाच्या मर्यादेचे भान होते. आपण गडाचा बेलागपणा तेवढा उचलला आणि पाचाडचा वाडा मात्र विसरलो.

पुरातत्त्वाच्या बाजूने जो आक्षेप येतो तो अधिक गंभीर आहे. प्राचीन दगडाला धक्का लावू नये, हे आम्हालाही मान्य आहे. हा वाद आपल्यापुरता नाही. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर २००४ साली पॅरालिंपिक स्पर्धांच्या निमित्ताने कड्याला लागून एक उद्वाहक बसविण्यात आला. तो वारंवार बिघडे, आणि चाकांच्या खुर्चीवरून दूरदेशाहून आलेली माणसे पायथ्याशीच राहत. अखेर डिसेंबर २०२० मध्ये तेथे कड्यावरून तिरपा चढणारा नवा उद्वाहक सुरू झाला आणि माथ्यावर काँक्रीटच्या वाटा आल्या. त्या वाटांवरून ग्रीसमधील विद्वानांत कडाक्याचे भांडण जुंपले. मूळ खडकावर आवरण घालून वर ओतलेले हे काँक्रीट पुढेमागे काढता येईल, असे करणारे म्हणाले. टेकडीचे रूपच बिघडले, असे विरोधकांनी म्हटले. आम्हाला विचाराल, तर वाटा गरजेपेक्षा रुंद झाल्या असे छायाचित्रांवरून वाटते. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. तेथे भांडण वाट कशी असावी याचे होते. आपल्याकडे ती असावी की नाही, येथेच गाडे अडले आहे.

वस्तुतः कायद्याने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा जाऊन २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. अपंगत्वाचे जे सात प्रकार पूर्वी मानले जात, ते एकवीस झाले. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा कराव्यात, असे त्यात म्हटले होते. नियम २०१७ च्या जूनमध्ये आले. म्हणजे मुदत २०२२ मध्येच उलटली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या नियमांतील पंधराव्या नियमावर बोट ठेवले. या नियमाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशींच्या पातळीवर आणून ठेवले असून ते मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे सांगून न्यायालयाने बंधनकारक निकष ठरविण्यास तीन महिन्यांची मुदत दिली. शब्द बदलत गेले, अपंगाचा दिव्यांग झाला, पण मास्तरांपुढची पायरी आपल्या जागेवरून तसूभर हलली नाही.

पुढे २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यांत रायगड आहे. आनंद आम्हालाही झाला. साऱ्या जगाचा वारसा म्हणून जे मिरवायचे, त्याच्या दाराशी जगातील एवढ्या माणसांना थांबावे लागणे शोभणारे नाही.

काय करावे, हे सांगण्यास आम्ही अभियंते नाही. परंतु पायऱ्यांवरून लाकडाचा किंवा धातूचा, हवा तेव्हा उचलून नेता येईल असा उतार टाकला तर एकाही चिऱ्याला भोक पाडावे लागणार नाही. मात्र त्याची लांबी आणि चढ नीट मोजूनच घ्यावा लागेल, कारण उभा उतार पायरीपेक्षा घातक. जेथे उतार शक्यच नाही तेथे गडाची हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती ठेवावी. ती अंधांच्या उपयोगी पडेल, आणि डोळसांच्याही. आणि यातले काहीच होईपर्यंत निदान खरे तरी सांगावे. पायथ्याशी एक फलक लावावा: वर इतक्या पायऱ्या आहेत, अमुक ठिकाणापर्यंत खुर्ची जाते, तेथून पुढे जात नाही. याला खर्च एका फलकाचा येतो. मास्तरांना गड पूर्ण पाहता आला नाही याचे दुःख होते, पण "अडचण कसली?" या उत्तरावर विसंबून आलो, याचे त्यांना अधिक वाटले.

ही केवळ महाराष्ट्राची गोष्ट आहे असे समजून आपण गोमंतकीयांनी नामानिराळे राहू नये. जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांसाठी 'पर्पल फेस्ट' पणजीत भरविणारे राज्य म्हणून आपण नाव मिळविले, आणि ते योग्यच झाले. आता उत्सवातली ती आस्था आपल्या चढणींवरही दिसावी. शापोऱ्याच्या किल्ल्याची उभी चढण तरण्याताठ्यांनाही धाप लावते. नार्व्याचे श्रीसप्तकोटेश्वर, ज्याचा जीर्णोद्धार १६६८ साली खुद्द शिवरायांनी करविला, तेथे जायचे तर पायऱ्या उतराव्या लागतात. अग्वादच्या ज्या कारागृहात मुक्तिलढ्यातील सत्याग्रही कोंडले गेले, ते १९ डिसेंबर २०२१ रोजी संग्रहालय म्हणून खुले झाले. १९५५ च्या सत्याग्रहात जे विशीत होते, ते आज हयात असतील तर नव्वदीच्या घरात आहेत. या कोठड्यांत त्यांना एकेकाळी पोलिसांनी ढकलून नेले होते. आज त्या पाहण्याची त्यांना इच्छा झाली, तर त्यांच्या गुडघ्यांची काळजी कोणी वाहिली आहे काय? संबंधित खात्याने ही आणि अशी प्रत्येक जागा एकदा चाकांच्या खुर्चीवर बसून पाहावी, एवढीच आमची मागणी आहे. अधिकाऱ्याने बसावे, शिपायाने ढकलावे. आणि मग दोघांनी जागा बदलाव्यात.

आम्ही परतलो तेव्हा मास्तर वरच्या स्थानकाच्या कठड्याशी बसून काही शाळकरी मुलांना हिरकणीची कथा सांगत होते. मुलांच्या बाई घड्याळाकडे पाहत होत्या, मुले हलत नव्हती. मुले गेल्यावर आम्ही त्यांना भ्रमणध्वनीवर काढलेले हिरोजींच्या पायरीचे छायाचित्र दाखविले. ते त्यांनी बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले.

"अक्षरे खोल आहेत काय हो? बोटाला लागतात?"

आम्ही छायाचित्र घेण्याच्या नादात पायरीला हात लावायचेच विसरलो होतो. तसे सांगितले. मास्तर काही बोलले नाहीत. उतरताना त्यांनी पाचाडला गाडी थांबवायला लावली आणि समाधीपाशी न्यायला सांगितले. तेथेही थोडे उचलावे लागलेच. पण या वेळी त्यांनी हरकत घेतली नाही.