बालकांचा खुबा आणि क्ष-किरणांची मात्रा

लूर्दमातेच्या सणादिवशी, ११ फेब्रुवारी रोजी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. संत जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९२ साली ह्या दिनाची घोषणा केली. त्या निमित्ताने ज्यांना आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही अशा रुग्णांविषयी, म्हणजे खुब्याचा विकार असलेल्या बालकांविषयी, आम्ही येथे लिहीत आहोत. त्यांच्या पालकांमध्ये दोन टोके आढळतात. काही जण दर भेटीत एक्स-रेचा आग्रह धरतात, तर काही जण किरणांच्या धास्तीने आवश्यक तपासणीही टाळतात. दोन्ही प्रकारांत नुकसान बाळाचेच होते.

मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या खोबणीत बसून खुब्याचा सांधा बनतो. काही बालकांत ही खोबण उथळ राहते, तर काहींत माथा खोबणीबाहेर सरकतो. मुलींमध्ये, पायाळू बाळांमध्ये आणि घराण्यात पूर्वी कोणास हा विकार असल्यास त्याचे प्रमाण अधिक असते. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात आवळून बांधणेही घातक ठरते. (उलट, आपल्याकडे बाळाला कडेवर घेतात तेव्हा त्याच्या मांड्या फाकलेल्या राहतात, हे खुब्याला हितकारक आहे.) पहिल्या काही महिन्यांत निदान झाल्यास पट्ट्यांच्या आधाराने सांधा बहुधा जागेवर बसतो, मूल चालू लागल्यावर निदान झाले तर अनेकदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही.

मग एक्स-रे केव्हा काढावा? जन्मतः हा माथा कूर्चेचा असतो आणि कूर्चा क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाही. त्यात हाडाचे केंद्र सामान्यतः ४ ते ६ महिन्यांच्या सुमारास दिसू लागते. त्याआधी एक्स-रे काढल्यास बाळाला किरणांची मात्रा मिळते आणि डॉक्टरांना मात्र अपुरे उत्तर मिळते. ऑस्ट्रियातील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. राइनहार्ड ग्राफ ह्यांनी १९८० साली सोनोग्राफीने बाळाचा खुबा तपासण्याची पद्धत मांडली. सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात, किरणोत्सर्ग मुळीच नसतो. म्हणून लहानग्यांसाठी पहिला मान सोनोग्राफीचा.

त्यानंतर एक्स-रे लागतोच, आणि त्याला भिण्याचे कारण नाही. निसर्गातून प्रत्येक मनुष्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. बालकाच्या खुब्याच्या एका साध्या चित्रातील मात्रा एका मिलिसीव्हर्टहूनही बरीच कमी असते. सीटी स्कॅनची मात्रा मात्र अनेक पटींनी अधिक. तरीही काटकसर हवीच, कारण बालकांच्या पेशी झपाट्याने विभागत असतात आणि पुढे दीर्घ आयुष्य असल्याने परिणाम प्रकट होण्यास अवधीही मोठा मिळतो.

ही काटकसर मुख्यतः तंत्रज्ञाच्या हाती असते. किरणांचा झोत खुब्यापुरताच ठेवणे, यंत्राची मात्रा बाळाच्या वजनानुसार कमी करणे, मोठ्यांसाठी वापरली जाणारी जाळी लहान बाळासाठी काढून ठेवणे, हे साधे उपाय आहेत. बाळ हलले तर चित्र बिघडते आणि पुन्हा काढावे लागते. म्हणून त्याला पाजून, शांत करून आणावे. धरावयास वडील किंवा अन्य नातेवाईक उभे राहावेत. गरोदर स्त्रीने खोलीत थांबू नये.

येथे एक जुनी समजूत बदलली आहे. जननेंद्रियांवर शिशाचे कवच ठेवण्याची प्रथा अनेक दशके चालत आली. २०१९ साली अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने हा सरसकट वापर थांबविण्याचा सल्ला दिला. मुलींचे बीजकोश पोटात असल्याने कवच अनेकदा भलत्याच ठिकाणी बसते, कधी नेमका खुबाच झाकते आणि चित्र पुन्हा घ्यावे लागते. काही यंत्रे तर कवच आड आल्यास आपोआप मात्रा वाढवितात. तेव्हा एखाद्या रुग्णालयात कवच ठेवले नाही तर तो हलगर्जीपणा समजू नये.

सर्वांत अधिक चित्रे लागतात ती पर्थेस विकारात. ह्यात ४ ते ८ वर्षे वयाच्या मुलांच्या खुब्याच्या माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होतो. ते हाड पुन्हा भरून येण्यास काही वर्षे लागतात आणि तोवर वेळोवेळी चित्र काढून पाहावे लागते. अशा वेळी डॉक्टरांना आदरपूर्वक विचारावे: ह्या चित्रामुळे उपचारात काही बदल होणार आहे काय? सोनोग्राफी किंवा एमआरआयने काम भागेल काय? बहुतेक डॉक्टर ह्या प्रश्नाचे स्वागतच करतात.

आणि जुनी चित्रे जपावीत. डॉक्टर बदलले की घरी फिल्म सापडत नाही, म्हणून तेच चित्र नव्याने काढले जाते. ही मात्रा निव्वळ वाया गेलेली असते. प्रत्येक फिल्म किंवा सीडी तारीख लिहिलेल्या लिफाफ्यात, बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारीच ठेवावी आणि प्रत्येक भेटीला सोबत न्यावी.